व्हॅनच्या टाकीतील दाब मोजणारा सेन्सर बदलण्यापूर्वी

दिवाळीच्या सुमारास माझ्या भाच्याचा न्यू जर्सीहून फोन आला. त्याच्याकडे अमेरिकी बनावटीची एक जुनी पेट्रोल व्हॅन आहे. तिच्या डॅशबोर्डवर पिवळा ‘चेक इंजिन’ दिवा लागला होता आणि तेथील एका गॅरेजने स्कॅनर लावून ‘पी ०४५३’ हा कोड त्याला वाचून दाखवला होता. कोडच्या पुढील इंग्रजी मजकुराचा अर्थ ‘इंधन-टाकीच्या दाब-सेन्सरचे व्होल्टेज जास्त’ असा होतो, आणि त्यावरून गॅरेजने तत्काळ निदान केले की सेन्सर गेला आहे, टाकी उतरवून नवा बसवावा लागेल. “मामा, गाडी तर व्यवस्थित चालते आहे, मग हे खरोखर करायला हवे का?” असा त्याचा प्रश्न होता. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये पंचवीस वर्षे गॅरेज चालवलेल्या माणसाला हा प्रश्न नवा नाही. गाडी बदलते, सेन्सर बदलतो, परंतु कोड वाचून झाल्यावर त्यात नाव आलेला भाग लगेच बदलून टाकण्याची घाई सगळीकडे सारखीच आढळते. भाच्याला चार-पाच फोनमध्ये जे समजावून सांगितले, तेच येथे थोडे नीट लावून लिहिले आहे.

पेट्रोल हे अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण असून त्यांतील हलके घटक साध्या तापमानालाही सहज उडून जातात. मे महिन्याच्या दुपारी घोडबंदर रस्त्याच्या कडेला व्हॅन उभी असेल, तर वरून ऊन आणि खालून तापलेले डांबर यांच्यामध्ये टाकी शेकते, आतील पेट्रोलची वाफ वाढते आणि टाकीतील दाब बाहेरच्या हवेपेक्षा जास्त होतो. रात्री तीच टाकी थंड झाली की काही वाफेचे पुन्हा पेट्रोल होते, दाब उतरतो आणि टाकी बाहेरची हवा आत ओढू पाहते. इंजिन पेट्रोल पिऊ लागले की रिकाम्या होणाऱ्या जागेतही हवा यावी लागते. थोडक्यात, टाकी दिवसरात्र श्वासोच्छ्वास करत असते, आणि जुन्या गाड्यांमध्ये या श्वासासाठी झाकणाला एक बारीक भोक ठेवलेले असे. त्या भोकातून वाफ थेट हवेत जाई. ही वाफ वाहनांच्या धुरातील नायट्रोजनच्या ऑक्साइडांबरोबर उन्हात मिसळली की जमिनीलगत ओझोन तयार होतो, डोळे चुरचुरतात आणि दम्याच्या रुग्णांना त्रास होतो. शिवाय या वाफेत बेंझीनही असते, आणि ते कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या पदार्थांपैकी एक आहे.

कॅलिफोर्नियात १९७० पासूनच्या आणि संपूर्ण अमेरिकेत १९७१ पासूनच्या मोटारींमध्ये ही वाफ अडवण्याची व्यवस्था आली. टाकीतून निघणारी वाफ एका डब्यात नेली जाते. त्या डब्याला कॅनिस्टर म्हणतात आणि त्यात सक्रिय कोळशाचे दाणे भरलेले असतात. घरातील पाण्याच्या फिल्टरमधील कोळशाचा हा भाऊबंदच आहे. त्याच्या दाण्यांत इतकी सूक्ष्म छिद्रे असतात की एका ग्रॅम कोळशाचा अंतर्गत पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या आसपास भरू शकतो, आणि पेट्रोलचे रेणू त्या पृष्ठभागाला चिकटून राहतात. डबा भरत गेला की तो रिकामा करण्याचे काम इंजिन करते. इंजिन गरम झाल्यावर गाडीचा संगणक ‘पर्ज व्हॉल्व्ह’ नावाची एक छोटी झडप उघडतो, इंजिनच्या ओढीने बाहेरची ताजी हवा कोळशातून खेचली जाते, ती जाताना चिकटलेली वाफ सोबत घेऊन जाते आणि ती वाफ सिलिंडरमध्ये इंधन म्हणून जळते. कॅनिस्टरच्या दुसऱ्या टोकाला बाहेरची हवा आत घेणारा मार्ग असतो. अमेरिकी गाड्यांमध्ये त्यावर ‘व्हेंट व्हॉल्व्ह’ ही आणखी एक झडप असते, जी एरवी उघडी राहते आणि केवळ तपासणीच्या वेळी बंद होते.

ही तपासणी म्हणजेच आपल्या सेन्सरच्या अस्तित्वाचे कारण. अमेरिकेत १९९६ पासून मोटारींनी स्वतःच्या प्रदूषण-नियंत्रण यंत्रणेची स्वतःच चाचणी घेणे बंधनकारक झाले, आणि त्यात वाफेची ही यंत्रणा कोठे गळते का, हेही पुढील काही वर्षांत टप्प्याटप्प्याने आले. आधी १ मिलिमीटर व्यासाच्या भोकाएवढी गळती ओळखावी अशी अपेक्षा होती. नंतर ती अर्ध्या मिलिमीटरवर आली. चालत्या गाडीने स्वतःच्या टाकीतील अर्ध्या मिलिमीटरचे भोक शोधायचे कसे? तर व्हेंट व्हॉल्व्ह बंद करायचा, पर्ज व्हॉल्व्ह उघडून इंजिनच्या ओढीने टाकीत थोडी पोकळी (बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब) निर्माण करायची, मग पर्ज व्हॉल्व्हही बंद करायचा आणि ती पोकळी किती वेळ टिकते ते पाहायचे. सायकलच्या ट्यूबचे पंक्चर आपण हवा भरून शोधतो, येथे हवा काढून शोधतात. पोकळी टिकते की ओसरते, हे पाहणारा डोळा म्हणजे टाकीतील दाब-सेन्सर होय.

आपल्या गाडीत तो आहे का?

ठाणे किंवा नवी मुंबईतील वाचकाने सर्वांत आधी हा प्रश्न विचारावा. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू आहेत. त्यांत पेट्रोल गाडी बंदिस्त कक्षात ठेवून तिच्यातून एकूण किती वाफ बाहेर पडते ते मोजतात आणि ती एका चाचणीत २ ग्रॅमपेक्षा जास्त असून चालत नाही. म्हणून कॅनिस्टर आणि पर्ज व्हॉल्व्ह आपल्या पेट्रोल गाड्यांमध्ये असतात. परंतु टाकीची गळती गाडीने स्वतः शोधण्याची अमेरिकी पद्धत आपल्या अनेक साध्या गाड्यांमध्ये नाही, आणि त्यामुळे त्यांच्या टाकीवर हा सेन्सरही नसतो. पीयूसी काढताना नळी सायलेन्सरच्या तोंडाशी लावतात, टाकीच्या वाफेकडे तेथे कोणी पाहत नाही. तेव्हा एमएच-०४ किंवा एमएच-४३ पाटीच्या व्हॅनसाठी कोणी हा सेन्सर बदलण्याचा खर्च सांगितला, तर तो गाडीत नेमका कोठे बसवला आहे ते आधी दाखवायला सांगावे.

यामागे अविश्वासाइतकेच नावांच्या घोटाळ्याचेही कारण आहे. ‘फ्युएल प्रेशर सेन्सर’ हे शब्द गॅरेजमध्ये निरनिराळ्या वस्तूंसाठी सर्रास वापरले जातात. डिझेल गाडीत इंजेक्टरांना इंधन देणाऱ्या नळीवर (रेलवर) जो सेन्सर असतो, त्याला हजार-दीड हजार बारपेक्षाही जास्त दाब सोसावा लागतो (एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतालच्या हवेएवढा दाब). सीएनजी व्हॅनमध्ये गॅसचा दाब मोजणारा सेन्सर असतो आणि सिलिंडर पंपावर सुमारे २०० बारपर्यंत भरला जातो. पेट्रोल टाकीच्या दाब-सेन्सरची धाव मात्र शून्याच्या वर-खाली एका बारच्या शंभराव्या भागांत, म्हणजे तीन-चार शतांशांपर्यंतच असते. या तिन्ही वस्तू दुकानात एकाच नावाने मागितल्या, तर चुकीचा भाग हातात पडण्याची शक्यता भरपूर आहे. गाडीचा चॅसिस नंबर आणि जुन्या सेन्सरवर छापलेला भाग-क्रमांक दुकानदाराला द्यावा, केवळ नाव सांगू नये.

हा दाब किती नाजूक असतो याची कल्पना आकड्यांपेक्षा शहाळ्याच्या नळीने चांगली येते. अमेरिकी मॅन्युअलमध्ये टाकीचा दाब ‘पाण्याचे इंच’ या एककात दिलेला असतो. एक इंच पाणी म्हणजे एक इंच उंचीच्या पाण्याच्या स्तंभाने तळावर दिलेला दाब, सुमारे २४९ पास्कल. आपल्या डोक्यावरील संपूर्ण वातावरणाचा दाब या मापात सुमारे ४०७ इंच भरतो आणि ३३ पीएसआय हवा भरलेल्या टायरमधील दाब ९०० इंचांच्या पुढे जातो. गळतीच्या चाचणीसाठी संगणक टाकीत जी पोकळी निर्माण करतो, ती अनेक गाड्यांमध्ये अवघी ७ इंचांच्या आसपास असते. शहाळ्यातील पाणी नळीतून तोंडापर्यंत साधारण एक वीत वर चढवताना आपण जेवढे ओढतो, जवळजवळ तेवढीच ही ओढ आहे. एवढ्या क्षीण ओढीतील बारीक घट टिपायची असल्यामुळे सेन्सर संवेदनशील बनवावा लागतो; आणि म्हणूनच टायरच्या कॉम्प्रेसरची हवा टाकीत सोडून गळती शोधणे हा शुद्ध आडदांडपणा ठरतो. त्याने सेन्सर तर जाऊ शकतोच, शिवाय टाकी फुगते, सांधे सुटतात आणि आत हवा-पेट्रोलचे स्फोटक मिश्रण तयार होण्याचा धोका असतो.

सेन्सर काय बोलतो

सेन्सरच्या आत सिलिकॉनचा एक पातळ पडदा असतो. त्याच्या एका बाजूस टाकीतील वाफ आणि दुसऱ्या बाजूस, एका बारीक छिद्रातून, बाहेरची हवा असते. दोन्हींच्या दाबांत फरक पडला की पडदा किंचित वाकतो, वाकल्यामुळे त्यावरील विद्युत-रोध बदलतो आणि त्या बदलाचे रूपांतर व्होल्टेजमध्ये होते. बाहेरच्या हवेचे ते छिद्र चिखलाने बुजले, तर सेन्सर धडधाकट असूनही चुकीचा आकडा देतो, ही गोष्ट पावसाळ्यात पाण्यातून हाकलेल्या गाडीच्या बाबतीत विसरू नये.

सेन्सरला तीन तारा असतात. एकीतून संगणक त्याला ५ व्होल्ट देतो, दुसरी अर्थची (अर्थिंगची, वीज परत नेणारी) असते आणि तिसरीतून सेन्सरचे उत्तर संगणकाकडे परत जाते. टाकीचे झाकण उघडे असताना आत-बाहेर दाब सारखाच असतो, म्हणून स्कॅनरवर दाबाचा आकडा शून्याजवळ दिसायला हवा. त्या वेळचे व्होल्टेज कंपनीनुसार वेगळे असते: जनरल मोटर्सच्या बऱ्याच गाड्यांमध्ये ते दीड व्होल्टच्या आसपास, तर फोर्डच्या बऱ्याच गाड्यांमध्ये २.६ व्होल्टच्या आसपास असते. झाकण काढून, इंजिन न चालवता फक्त चावी ‘ऑन’ करून हा एक आकडा पाहणे, ही सर्वांत स्वस्त चाचणी आहे आणि ती न करता टाकीला हात लावू नये असे माझे ठाम मत आहे.

आता कोडकडे वळू. या यंत्रणेचे कोड दोन अगदी वेगळ्या जातींचे असतात आणि ग्राहकाला ते एकाच रांगेत दिसतात. पी ०४४२, पी ०४५५ आणि पी ०४५६ हे गळतीचे कोड आहेत: अनुक्रमे लहान, मोठी आणि अतिसूक्ष्म गळती. ते लागले म्हणजे सेन्सर आपले काम करतो आहे आणि त्यानेच तक्रार नोंदवली आहे, असा अर्थ घ्यावा. अशा वेळी सेन्सर बदलणे म्हणजे पंचनामा लिहिणाऱ्यालाच कोठडीत टाकण्यासारखे आहे. तेथे संशय आधी झाकणावर, मग त्याच्या रबरावर, मग टाकी ते कॅनिस्टर या मार्गातील चिरलेल्या रबरी नळ्यांवर आणि व्हेंट व्हॉल्व्हवर घ्यावा. गळती डोळ्यांना दिसली नाही, तर अत्यंत कमी दाबाने धूर सोडणारे यंत्र लावून ती शोधतात.

पी ०४५० ते पी ०४५४ हा गट सेन्सर आणि त्याच्या सर्किटचा आहे. त्यात पी ०४५१ म्हणजे आकडा येतो आहे पण पटत नाही, पी ०४५२ म्हणजे व्होल्टेज जवळजवळ शून्यावर, पी ०४५३ म्हणजे ते जवळजवळ ५ व्होल्टवर आणि पी ०४५४ म्हणजे अधूनमधून तुटणारा संकेत. टाकीत प्रत्यक्षात कितीही दाब असला, तरी चांगला सेन्सर अगदी तळाला किंवा अगदी टोकाला जाऊन बसत नाही. दोन्ही बाजूंना थोडी मोकळी जागा मुद्दाम सोडलेली असते, जेणेकरून आकडा त्या जागेत गेला की दोष विजेचा आहे हे संगणकाला ओळखता यावे. भाच्याच्या व्हॅनचा कोड पी ०४५३ होता, म्हणजे गळतीचा प्रश्नच नव्हता. परंतु ‘व्होल्टेज जास्त’ याचा अर्थ ‘सेन्सर खराब’ असा होत नाही. त्याची कारणे तीन असू शकतात: सेन्सर आतून खराब झाला असेल, उत्तराची तार ५ व्होल्टच्या तारेला चिकटली असेल, किंवा अर्थची तार तुटली असेल.

तिसरे कारण ऐकून भाचा बुचकळ्यात पडला, कारण तार तुटली तर व्होल्टेज जायला हवे, वाढेल कसे, असे त्याला वाटले. येथे मोरीचे उदाहरण उपयोगी पडते. नळ चालू आहे आणि मोरीतून पाणी वाहून जाते आहे, तोवर मोरीत पाण्याची एक ठरावीक पातळी राहते. मोरी तुंबली की नळाचे पाणी काठापर्यंत चढते. सेन्सरमध्ये ५ व्होल्टची तार हा नळ आणि अर्थ ही मोरी आहे. अर्थ तुटली की विजेला उतरायला वाट राहत नाही आणि उत्तराची तार जवळजवळ ५ व्होल्टपर्यंत चढून बसते. संगणकाला दिसतो तो केवळ चढलेला आकडा. मोरी तुंबली की नळच बिघडला, हे त्याला कळण्याची सोय नाही.

त्याच्या व्हॅनमध्ये सेन्सर टाकीच्या माथ्यावर, पेट्रोल पंपाच्या असेंब्लीवर बसवलेला होता. अनेक अमेरिकी व्हॅनमध्ये तो तेथेच असतो आणि टाकी उतरवल्याशिवाय त्याच्यापर्यंत हात पोहोचत नाही. काही गाड्यांमध्ये तो वाफेच्या नळीवर किंवा कॅनिस्टरजवळ असतो आणि मग काम अर्ध्या तासाचे होते. सुदैवाने टाकीकडे जाणाऱ्या तारांचा एक मधला कपलर (सोडवता येणारा जोड) चॅसिसच्या पट्टीजवळ खालून सापडला. मी त्याला सांगितले की तो कपलर सोडव आणि स्कॅनरवरील व्होल्टेज बघ. जवळजवळ ५ वर अडकलेला आकडा एकदम शून्यावर आला, म्हणजे कपलरपासून संगणकापर्यंत उत्तराची तार कोठेही ५ व्होल्टला चिकटलेली नव्हती. ही चाचणी डोळे झाकून प्रत्येक गाडीला लावू नये, कारण काही गाड्यांचा संगणक मोकळ्या तारेला आतूनच ५ व्होल्टकडे ओढून धरतो. आपल्या गाडीत काय अपेक्षित आहे ते मॅन्युअलमध्ये पाहूनच निष्कर्ष काढावा. त्यानंतर त्याने मल्टिमीटरचे एक टोक संगणकाकडील ५ व्होल्टच्या पिनला आणि दुसरे अर्थच्या पिनला लावले. पूर्ण ५ व्होल्ट मिळाले. म्हणजे नळही चालू होता आणि तेथपर्यंत मोरीही साफ होती. दोष कपलरच्या पलीकडे, टाकीच्या माथ्यावर होता आणि टाकी उतरवावी लागणार होती. गॅरेजने सांगितलेले कामच शेवटी करावे लागले खरे, पण आता ते कशासाठी करायचे हे ठाऊक होते.

टाकी उतरवताना

या कामात सेन्सर हा सर्वांत सोपा भाग असून धोका सगळा पेट्रोलमध्ये आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती वर जाऊन विरत नाही, पाण्यासारखी जमिनीवरून सरपटते आणि सखल जागी साचते. हवेत तिचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास गेले की एक ठिणगी पुरते. शून्याखाली ४० अंशांच्या जवळपासही पेट्रोल पेट घेण्याइतकी वाफ सोडते, म्हणजे आपल्याकडे थंडीमुळे ते सुरक्षित झाले असे कधीच घडत नाही. आमच्या भागातील जुन्या गाळ्यांमध्ये गाडीखाली उतरण्यासाठी खड्डा असतो. पेट्रोल टाकीचे काम त्या खड्ड्यावर कधीही करू नये, कारण सांडलेल्या पेट्रोलची वाफ नेमकी तेथेच जाऊन बसते आणि आत उभ्या कारागिराच्या छातीपर्यंत भरते. शेजारच्या गाळ्यात वेल्डिंग चालू आहे का, कॉम्प्रेसरचा स्विच आपोआप टकटकतो का, सकाळी गणपतीच्या तसबिरीपुढे लावलेली उदबत्ती विझली आहे का, हे पाहणे पाना हातात घेण्याआधीचे काम आहे. मी स्वतः उदबत्तीचे घर गॅरेजच्या बाहेरील भिंतीवर हलवले होते. पोरे हसली, पण सवय लागली. हातदिवा एलईडीचा असावा, तापलेल्या काचेचा बल्ब नसावा, आणि पावडर किंवा फोमचे अग्निशामक हाताच्या अंतरावर असावे. पेटलेल्या पेट्रोलवर पाणी ओतल्याने आग पाण्याबरोबर पसरते.

टाकी शक्य तितकी रिकामी असताना काम काढावे. लिटरभर पेट्रोलचे वजन सुमारे पाऊण किलो असते. व्हॅनच्या मोठ्या टाकीत ८० लिटर असले, तर टाकीचे स्वतःचे वजन सोडून ६० किलोचे हलते ओझे जॅकवर तोलावे लागते. पेट्रोल काढायचेच असेल, तर हाताचा पंप वापरावा. नळी तोंडात धरून ओढण्याची आपल्याकडील सवय घातक आहे, कारण घोटभर पेट्रोल फुप्फुसात गेले तरी गंभीर इजा होते. मात्र रिकामी टाकी ही भरलेल्या टाकीपेक्षा कमी धोक्याची असते, असे समजू नये. पेटते ती वाफ, आणि रिकाम्या टाकीत सगळी जागा तिचीच असते.

भाच्याने घराच्या उघड्या अंगणात, सपाट जागेवर, चाकांना अडण्या लावून आणि गाडी स्टँडवर घेऊन काम केले. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलच्या नळीत इंजिन बंद असतानाही तीन-चार बारचा दाब शिल्लक असू शकतो, म्हणून पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवले, मग बॅटरीची निगेटिव्ह तार काढली आणि टाकीचे झाकण सैल केले. टाकीखाली जॅक आणि त्यावर रुंद फळी दिल्यावर भरण-नळीचे आणि वाफेच्या नळ्यांचे क्लिप सोडवले. प्रत्येक नळी काढण्यापूर्वी तिचा फोटो काढून तिला चिकटपट्टीचा तुकडा लावला. शेवटी टाकीचे लोखंडी पट्टे सोडवताना एक बोल्ट तुटला. न्यू जर्सीत हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकतात, त्याने गाडीचे बूड गंजते. खाडीकाठच्या ऐरोली-कोपरखैरणेत वर्षानुवर्षे उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाड्यांचे बूडही याहून फार वेगळे दिसत नाही. अशा बोल्टांना आदल्या रात्रीच गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे, आणि नवे बोल्ट आधीच आणून ठेवावेत.

टाकी एकदम जमिनीवर आणायची नसते. वीतभर खाली घेतली की वरून हात जातो, मग कपलर सोडवायचा आणि त्यानंतरच ती पूर्ण उतरवायची. घाईत टाकी खाली घेताना ताणलेल्या तारा तुटल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. टाकीच्या माथ्यावर वर्षांची माती साचलेली असते, ती ब्रशने आणि फडक्याने काढल्याशिवाय काहीही उघडू नये, नाहीतर तीच माती पेट्रोलमध्ये आणि पुढे पंपात जाते. सेन्सर रबरी कड्यात दाबून बसवलेला असतो. तो हळू फिरवत वर ओढायचा आणि नव्या सेन्सरबरोबर कडेही नवेच घालायचे, कारण जुने रबर कडक झालेले असते आणि तेच पुन्हा घातले तर दुरुस्तीनंतर गळतीचा कोड लागतो.

माथ्यावरील कपलर उघडल्यावर खरा दोष समोर आला. अर्थच्या पिनवर हिरवट-पांढरा थर चढला होता आणि तारेचा तांब्याचा धागा आत तुटून पडला होता. भाच्याने जुना सेन्सर टेबलावर ठेवून त्याला मोबाइलच्या चार्जरमधून ५ व्होल्ट दिले आणि मल्टिमीटरने उत्तर मोजले, तेव्हा ते दीड व्होल्टच्या आसपास आले. त्याच्या गाडीसाठी ते अगदी योग्य होते. सेन्सर निर्दोष होता. तरीही मी त्याला नवाच बसवायला सांगितले, आणि यावर तो थोडा चिडलाही. माझा हिशेब असा होता की सेन्सर इतक्या वर्षांचा आहे, टाकी उतरवायला दोन माणसांचा एक दिवस गेला आहे आणि तोच दिवस पुन्हा घालवण्यापेक्षा आता हात पोहोचतो आहे तोवर भाग बदलणे परवडते. मात्र केवळ सेन्सर बदलून तो जुना कपलर तसाच वर चढवला असता, तर कोड त्याच संध्याकाळी परत आला असता. त्याने तारेसह कपलरचे नवे टोक जोडले आणि जोडावर पाणी न शिरणारी नळी चढवली.

काही जण टाकी उतरवण्याचे कष्ट वाचवण्यासाठी व्हॅनच्या तळाच्या पत्र्याला वरून भोक पाडतात. ज्या गाड्यांमध्ये मागील आसनाखाली कंपनीनेच झाकण दिले आहे, तेथे ते जरूर वापरावे. परंतु पेट्रोल टाकीच्या वर ग्राइंडर चालवून ठिणग्या उडवणे, खाली जाणाऱ्या नळ्या आणि तारा दिसत नसताना पत्रा कापणे आणि नंतर त्या भोकावर पत्र्याची चकती ठोकून पावसाळ्यात पाणी आत येऊ देणे, हे मला कोणत्याही हिशेबात बसत नाही.

दिवा विझल्यानंतर

स्कॅनरने कोड पुसल्यावर दिवा विझतो, पण तेव्हा संगणकाने आधीच्या चाचण्यांचे निकालही पुसलेले असतात. त्याला गळतीची चाचणी पुन्हा पहिल्यापासून घ्यावी लागते आणि ती तो मर्जीप्रमाणे घेत नाही. बऱ्याच गाड्यांमध्ये त्यासाठी गाडी कित्येक तास उभी राहून पूर्ण थंड झालेली असावी लागते, बाहेरचे तापमान फार कमी किंवा फार जास्त नसावे लागते आणि टाकीत पेट्रोल साधारण १५ ते ८५ टक्क्यांच्या दरम्यान असावे लागते. टाकी काठोकाठ भरली असेल, तर वाफेला जागा इतकी कमी उरते की पोकळीच्या चढउतारावरून गळतीचा अंदाज बांधता येत नाही. पेट्रोल तळाला असेल, तर उलट अडचण होते.

काठोकाठ भरण्याच्या सवयीबद्दल येथेच सांगून टाकतो, कारण ती आपल्या पंपांवर रोज दिसते. नोझल ‘टक’ करून थांबते, तेव्हा टाकी भरलेली असते आणि वर राहिलेली जागा वाफेसाठी राखीव असते. त्यानंतर रुपये ‘राउंड फिगर’ करण्यासाठी आणखी दोन-तीन वेळा दाबून भरलेले पेट्रोल वाफेच्या नळीतून द्रवरूपात कॅनिस्टरमध्ये शिरू शकते. वाफ धरण्यासाठी बनवलेला कोळसा पेट्रोलने भिजला की निकामी होतो, त्याचे दाणे सुटून पर्ज व्हॉल्व्हमध्ये अडकतात, आणि मग पेट्रोल भरल्यानंतर गाडी सुरू व्हायला कुरकुर करते. ही तक्रार आपल्या साध्या व्हॅनमध्येही येते, टाकीला दाब-सेन्सर असो वा नसो. सीएनजीवर चालणाऱ्या व्हॅनचे मालक पेट्रोलची टाकी क्वचितच भरतात, पण भरतात तेव्हा तेही हेच करतात.

भाच्याला हे सगळे सांगितले होते, फक्त एक गोष्ट सांगायची राहिली. काम यशस्वी झाल्याच्या आनंदात त्याने त्याच संध्याकाळी टाकी पूर्ण भरून आणली आणि मग रोज सकाळी स्कॅनर लावून मला फोटो पाठवू लागला की वाफेच्या यंत्रणेपुढे अजून ‘चाचणी अपूर्ण’ असेच लिहिलेले दिसते. त्याच्या राज्यात वाहन-तपासणीच्या वेळी संगणकाच्या या चाचण्या पूर्ण आहेत का हे पाहतात, त्यामुळे तो अस्वस्थ होता. मी त्याला पुन्हा पंपावर न जाता गाडी रोजच्यासारखी चालवायला आणि रात्रभर उभी ठेवायला सांगितले. पेट्रोलचा काटा अर्ध्याच्या थोडा खाली उतरल्यावर, नवव्या दिवशी सकाळी, ठाण्यात संध्याकाळचे सहा वाजले असताना त्याचा फोटो आला. त्या ओळीपुढे ‘पूर्ण’ असे आले होते. जुना सेन्सर त्याने धुऊन, पिशवीत घालून हत्यारांच्या पेटीत ठेवला आहे.